पहिलीच्या पोरासारखं वाचा: लेण्यांतले ब्राह्मी लेख वाचायला शिकताना

मी मावळात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. एकवीस वर्षं झाली. जूनमध्ये आईचा पदर धरून आलेलं पोर दिवाळीच्या आसपास फळ्याकडे बघून "क… म… ल… कमल" म्हणतं, तो क्षण मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी मला भरून येतं.

आमची सहल बहुतेक वेळा भाज्याच्या लेण्यांना जाते. जवळ आहे, मळवली स्टेशनापासून चालत जाता येतं, पायऱ्या पोरांना झेपतात. पाण्याच्या टाक्यापाशी भिंतीवर अक्षरं कोरलेली आहेत. पोरं विचारायची, "बाई, इथं काय लिहिलंय?" मी "फार जुनी भाषा आहे बाळांनो" म्हणून रांग पुढे न्यायचे. सहा वर्षांपूर्वी एक मुलगी जागची हललीच नाही. ती म्हणाली, "पण बाई, तुम्हाला तर सगळं वाचता येतं ना?" नुकतंच वाचायला लागलेलं पोर होतं ते. जे लिहिलंय ते वाचता येतंच, असा तिचा विश्वास होता. मी त्या दिवाळीच्या सुट्टीत ब्राह्मी शिकायला बसले.

मला कुणी गुरू नव्हता. शाळा, घर, स्वयंपाक सांभाळून रोज रात्री अर्धा तास, असं करत दीड महिन्यात पहिला लेख वाचला. तुम्हाला त्याहून कमी वेळ लागावा, म्हणून हे लिहिते आहे.

लपलेला अ

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. ब्राह्मी ही परकी लिपी नाही. तिची आकृती अनोळखी आहे, रीत मात्र तुम्हाला सहाव्या वर्षापासून येते. त्या रीतीचं नाव बाराखडी.

फळ्यावर नुसता "क" लिहिला की त्यात "अ" आधीच बसलेला असतो. तो वेगळा लिहावा लागत नाही. उलट तो काढायचा असेल तर खटपट करावी लागते, अक्षराचा पाय मोडावा लागतो. काना दिला की अ जातो आणि आ येतो. वेलांटी दिली की इ येते. म्हणजे व्यंजनाचं अक्षर हे एक घर आहे. त्यात अ राहतो, आणि कुणी दुसरा स्वर आला तरच तो घर सोडतो. इंग्रजीत तसं नाही. तिथे प्रत्येक स्वराला स्वतःची जागा लागते.

ही रीत सम्राट अशोकाच्या शिलालेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, पूर्ण तयार स्थितीत दिसते. देवनागरी, मोडी, कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली, गुजराती, तिबेटी, बर्मी (म्यानमारची), थाई या सगळ्या लिप्या त्याच कुळातल्या. कुणी अ घालवायला पाय मोडतं, तमिळमध्ये अक्षराच्या डोक्यावर टिंब देतात, पण नुसतं अक्षर म्हणजे व्यंजन अधिक अ हे बहुतेक ठिकाणी गृहीत आहे. ज्याला बाराखडी येते त्याचं ब्राह्मीचं निम्मं काम झालेलं असतं.

एक अपवाद सांगते, कारण त्यामुळे मला हा नियम खरा कळला. आंध्रात भट्टिप्रोळूच्या स्तूपात दगडी करंडक सापडले. त्यांच्यावरच्या लेखात नुसतं अक्षर म्हणजे नुसतं व्यंजन. अ म्हणायचा असेल तर त्यालाही खूण दिली आहे, आणि ती खूण इतर ब्राह्मीत आ साठी वापरतात तीच. म्हणजे त्या लिहिणाऱ्याला लपलेला अ खटकला होता आणि त्याने तो उघड करून लिहायचा प्रयत्न केला. ती पद्धत टिकली नाही.

आपल्या जिभेची सवय मोडा

इथे मराठी माणूस अडखळतो. मीही अडखळले.

आपण लिहितो "घर" आणि म्हणतो "घर्". लिहितो "कमल", म्हणतो "कमल्". शेवटचा अ आपण गिळतो, कधी मधलाही गिळतो. "बोलताना" म्हणताना ल मध्ये अ कुठे उरतो? लिहिताना पाय मोडत नाही, पण बोलताना जीभच तो मोडून टाकते. ही सवय घेऊन ब्राह्मी वाचायला गेलं की शब्द हाताला लागत नाहीत. लेण्यांतल्या बहुतेक लेखांची भाषा प्राकृत आहे, आणि त्या प्राकृतात शब्द व्यंजनावर संपतच नाही. तो स्वरावर संपतो, नाहीतर अनुस्वारावर. दगडावर "स" आहे तर तो "स", पूर्ण. "स्" नव्हे.

माझ्या वर्गात तळेगावच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या एका ओडिया कुटुंबातला मुलगा होता. त्याची आई पालकसभेला आली की मी तिच्याकडून मुद्दाम एक-दोन शब्द म्हणून घ्यायचे. ती "जगन्नाथ" म्हणताना शेवटचा थ असा मोकळा सोडायची की त्यातला स्वर स्पष्ट ऐकू यायचा. ओडियात तो अजून जिवंत आहे. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला दगडावरचा शब्द कसा ऐकू यायला हवा ते समजलं.

तेव्हा पहिला अभ्यास हा. रोजचं वर्तमानपत्र घ्या आणि एक परिच्छेद पहिलीच्या पोरासारखा वाचा. अक्षर सुटं सुटं, प्रत्येक अ पूर्ण म्हणत. "स-र-का-र-ने." घरचे बघतील, बघू द्या. चार दिवसांत जीभ वळते. पहिलीतलं पोर जसं वाचतं तसं वाचणं हीच या लेखांसाठी योग्य पद्धत आहे, आणि म्हणून मी माझ्या वर्गाला या कामातले जाणकार मानते.

अक्षरं: एका वेळी पाच, जास्त नाहीत

अक्षरांचा तक्ता कुठेही मिळेल. युनिकोडमध्ये ब्राह्मी २०१० पासून आहे, नोटो सान्स ब्राह्मी हा फॉन्ट फुकट मिळतो, त्यामुळे मोबाईलवरही अक्षरं उमटतात. पण तक्ता भिंतीला चिकटवून पाठ करायला बसू नका. मी आधी तेच केलं आणि आठवड्याने सगळी अक्षरं एकमेकांत मिसळली. चौकटींची गणिताची वही घ्या, रोज पाच अक्षरं, प्रत्येक दहा वेळा गिरवा. हाताला आलं की डोळ्याला येतं.

सोपी आधी घ्या. क म्हणजे बेरजेची खूण. ग म्हणजे खोपटाचं छप्पर, दोन तिरक्या रेघा वर मिळालेल्या. र म्हणजे उभी रेघ. न म्हणजे आडव्या पाटावर उभी काठी. ण ला खाली पाट आणि वरही पाट. त म्हणजे दोन पाय फाकून उभा माणूस. व म्हणजे वाटोळ्या गडूवर उभी दांडी. ध म्हणजे धनुष्य, दोरी लावलेलं, आणि नावही ध वरूनच. प म्हणजे डाव्या हाताला उंच असलेला उकार. य म्हणजे नांगर, होडीचा. म म्हणजे गोळा आणि त्याच्या डोक्यावर उघडे दोन हात.

ठ बघितला तेव्हा मला हसू आलं. नुसतं वर्तुळ. बावीसशे वर्षांत त्या अक्षराने फक्त वर शिरोरेघेला टांगून घेतलं आहे, बाकी ते तसंच आहे. ट सुद्धा ओळखू येतो. थ म्हणजे वर्तुळात एक टिंब. हे ठ आणि थ चं टिंब लक्षात ठेवा, पुढे भाज्यात त्याची गाठ पडणार आहे.

स आणि ह शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. तक्त्यात बघून वीस-वीस वेळा गिरवा, कारण स तुम्हाला प्रत्येक ओळीत भेटणार.

तीन गोष्टी आधीच सांगते. ब्राह्मीत शिरोरेघ नसते. आणि शब्दांत जागा सोडण्याची सक्ती नसते, अक्षरं एकापाठोपाठ येतात, शब्द कुठे तोडायचा ते आपण ठरवायचं. तिसरं, फॉन्टमधली वळणं साधारण अशोकाच्या काळची आहेत. आपल्या सह्याद्रीतले बरेच लेख त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी कोरले गेले. तोवर अक्षरांना कोपरे आले, माथ्यावर रेघेची सुरुवात जाड झाली, क ची उभी रेघ खाली लांबली, गोलाकार व त्रिकोणी दिसायला लागला. आपल्या आजीचं अक्षर आणि आपलं अक्षर यांत जेवढा फरक, तेवढाच समजा.

काना, मात्रा, वेलांटी: इथेच सगळी मजा आहे

अक्षरं पंचवीस झाली की खुणांकडे वळा.

काना म्हणजे अक्षराच्या माथ्याशी उजवीकडे छोटी आडवी काडी. आपला आजचा उभा काना त्या काडीतूनच पुढे वाढून खाली उतरला. इकाराची काडीही उजवीकडेच, पण ती वर वळते. दीर्घ ई ला दोन काड्या. उकार पायाशी एक काडी, ऊकार दोन.

एकार डावीकडे. माथ्याशी डाव्या बाजूला छोटी आडवी काडी. आपल्याला मात्रा वर बघायची सवय, त्यामुळे ही काडी हमखास नजरेतून सुटते. पण जुन्या नागरी लेखांत आणि पोथ्यांत मात्रा अक्षराच्या डावीकडे उभी दांडी म्हणून येत असे, तिला पडिमात्रा म्हणतात. म्हणजे डावीकडची ती काडी कितीतरी शतकं आपली जागा धरून होती, मग हळूहळू डोक्यावर चढली.

आता ओकार बघा. डावीकडे एक काडी आणि उजवीकडे एक काडी. म्हणजे एकाराची काडी अधिक काना. आणि आपण फळ्यावर "को" कसा लिहितो? क ला काना आणि वर मात्रा! पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवत होते, "का वर मात्रा, को," आणि हे असं का, ते मला माहीत नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने तेच केलं होतं. ज्या रात्री हे लक्षात आलं त्या रात्री मी मुलीला झोपेतून उठवून दाखवलं.

अनुस्वार म्हणजे टिंब, बहुधा अक्षराच्या उजवीकडे. जोडाक्षर उभं रचतात, आधी उच्चारायचं अक्षर वर, नंतरचं खाली.

आणि एक सोय कोरणाऱ्यांनी स्वतःसाठी करून घेतली होती. एकाच अक्षराचं द्वित्त ते लिहीत नसत. "सिद्धं" ला "सिधं", "पुत्त" ला "पुत", "धम्म" ला "धम". अनुस्वारही पुष्कळदा गाळलेला असतो. त्यामुळे वाचताना जे दिसतं ते आधी जसंच्या तसं वहीत उतरवा आणि शब्द नंतर ओळखा. हा क्रम उलटा करू नका.

पहिला शब्द: दानं

शब्दांची सुरुवात "दानं" पासून करा. द ला काना, मग न, मग टिंब. दोनच अक्षरं.

ही सुरुवात माझी नाही. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप १८३७ साली सांचीच्या लेखांचे ठसे बघत होता. कठड्यांवर, खांबांवर छोटे छोटे लेख, आणि बहुतेक सगळे त्याच दोन अक्षरांवर संपणारे. राजाज्ञा असत्या तर इतक्या छोट्या आणि इतक्या सारख्या शेवटाच्या नसत्या. लोकांनी देवळाला काही दिलं असेल आणि आपलं नाव कोरलं असेल, तर शेवटी "दान" हाच शब्द असणार, असं त्याने ताडलं. त्या आधी पुष्कळदा येणारं एक अक्षर होतं, ते षष्ठीचं "स" असणार. अमक्याचं दान. त्याआधी १८३६ मध्ये ख्रिस्तियान लासेनने अगाथोक्लीस या ग्रीक राजाच्या दुभाषी नाण्यावरून काही अक्षरं लावली होती. पण दार उघडलं ते "दानं" ने. आपल्याकडे पाण्याच्या टाकीवर, देवळाच्या पायरीवर "अमक्याच्या स्मरणार्थ" लिहितात, तेच हे.

म्हणून कुठल्याही लेण्यात गेलात की आधी लेखाच्या शेवटी बघा. तिथे "दानं" किंवा "देयधम" सापडलं की मागे मागे या. त्याच्या आधी "स" असेल. "स" च्या आधी माणूस असेल.

भाज्याचं टाकं

आता तो लेख, ज्यापाशी माझी रांग थांबली होती. दुपारी जा. भाज्याची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, उन्हं उतरली की उजेड तिरपा पडतो आणि रेघांच्या कडा उठून दिसतात. भर डोक्यावरच्या उन्हात किंवा मोबाईलच्या फ्लॅशमध्ये सगळं सपाट होतं. आत अंधार असेल तर विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा.

लेख २२ अक्षरांचा आहे. मी वहीच्या बावीस चौकटी आखून नेल्या होत्या. एका चौकटीत एकच अक्षर, दिसतं तसं. मग खालच्या ओळीत नागरी. असं:

म-हा-र-ठि-स को-सि-कि-पु-त-स वि-ण्हु-द-त-स दे-य-ध-म पो-ढि

आता मोठ्याने वाचा, पहिलीच्या पोरासारखं. तीन ठिकाणी शेवटी "स" आला. संस्कृतातलं "रामस्य" मधलं "स्य", प्राकृतात "स्स", दगडावर "स". तीनदा "चा". महारठीचा (ही त्या काळची पदवी), कोसिकीपुत्राचा, विण्हुदत्ताचा. मग देयधम, म्हणजे देयधर्म, धर्मासाठी दिलेली गोष्ट. आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याने दान दिलेलं हे टाकं.

प्रत्येक तुकडा जवळून बघण्यासारखा आहे. "को" मध्ये बेरजेच्या खुणेच्या माथ्यावर दोन्हीकडे काड्या. "पु" च्या पायाशी काडी. "त" साधा, "पुत्त" मधला दुसरा त गाळलेला. आईच्या नावावरून ओळख सांगण्याची रीत, जशी गौतमीपुत्र सातकर्णीची. "ण्हु" हे जोडाक्षर, वर ण, खाली ह, आणि त्याच्याही खाली उकार. विष्णूचा विण्हु झाला, जसा कृष्णाचा कण्ह आणि पुढे कान्हा.

आणि "ठि". काही पुस्तकांत इथे "महारठिस" असं वाचलेलं आढळेल, काहींत "महारथिस". फरक काय? वर्तुळात टिंब आहे की नाही, एवढाच. दोन हजार पावसाळे खाल्लेल्या दगडावर टिंबाएवढा खड्डा कारागिराचा की पाण्याचा, यावर मोठमोठ्या विद्वानांनी डोळे ताणले आहेत. नाणेघाटात आणि इतरत्रही हा शब्द येतो. "महाराष्ट्र" या नावाशी त्याचा संबंध जोडणारेही आहेत. माझ्या पोरांना मी एवढंच सांगते, की एका टिंबाकडे नीट बघणं हे मोठ्या माणसांचं काम आहे.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या वेळी मी "देयधम" ला "दयाधम" वाचलं. द च्या डावीकडची काडी मला ओरखडा वाटली, आणि य च्या उजवीकडची भेग मला काना वाटली. दोन्ही चुका मिळून एक छान अर्थाचा शब्द तयार झाला, दया-धर्म, आणि मी तो वर्गात सांगूनही टाकला. दोन महिन्यांनी छापील वाचन बघितलं तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, बाईंनी कुठे चुकीचं वाचलं ते दाखवलं, आणि पोरांना पुन्हा वाचायला लावलं. त्यानंतर मी दोन नियम पाळते. भेग अक्षराला जुमानत नाही, ती पुढे-मागे धावत जाते. कोरलेली काडी जिथे सुरू होते तिथून ठरावीक लांबीवर थांबते आणि तिची खोली बाजूच्या रेघेसारखी असते. आणि अर्थ छान लागला म्हणून वाचन बरोबर, असं कधीही मानू नये. उलट अर्थ फार पटकन लागला तर पुन्हा बघावं.

खडू, पीठ, तेल, पाणी, काहीही लेखाला लावू नका. अक्षरांत खडू भरून फोटो काढलेले मी बघितले आहेत. त्या भरणाऱ्याने जे वाचलं तेच पुढच्या माणसाला दिसतं, भेगेचाही काना होऊन बसतो, आणि दगड खराब होतो तो वेगळाच. कागदी ठसे घेणं हे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचं काम आहे, ते आपलं नाही. आपल्याला तिरप्या उजेडातले तीन-चार फोटो पुरतात, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले.

मग कार्ल्याला

भाजं वाचलं की त्याच आठवड्यात समोरच्या डोंगरावर कार्ल्याला जा. एकवीरेला आपण जातोच, पण बहुतेक जण चैत्यगृहाच्या आत खांबांकडे मान वर करून बघत नाहीत. खांबांवर देणाऱ्यांची नावं आहेत, आणि "धेनुकाकटा" हे गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. एका खांबावर "धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं" असं आहे. धेनुकाकटच्या यवन, म्हणजे ग्रीक, सिहधयाचा खांब, दान. "थंभो" म्हणजे खांब, शिकलेला थ इथे कामाला येतो. यवन माणूस, प्राकृत भाषा, ब्राह्मी लिपी, मावळातला डोंगर. बाहेरच्या सिंहस्तंभावर महारठी गोतिपुत अगिमित्रणक याचं नाव आहे, तिथे "सिहथभो दानं" शोधा. अनुस्वार गाळल्याचं उदाहरण म्हणूनही तो चांगला आहे. दारापाशी एका सुताराचं नाव आहे, सामी. त्याच्या धंद्याचा शब्द "वढकि". विदर्भात सुताराला वाढई म्हणतात, तोच शब्द.

आणि ओवरीत डाव्या टोकाला तो लांब लेख आहे, वैजयंतीच्या म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल शेठीचा. त्यात "सेलघरं" शब्द आहे. शैलगृह, दगडातलं घर. मी तिथे उभी राहून घ आणि र वाचले आणि थांबले. मराठीत रोज शंभर वेळा म्हणतो तोच शब्द, फक्त र मधला अ न गिळता म्हणायचा. पुढे "जंबुदिपम्हि उतमं" आहे, जंबुद्वीपात उत्तम. त्यातला "म्हि" जोडाक्षराच्या सरावासाठी बघा, म च्या खाली ह. आपला "म्ह" तिथे उभा रचला आहे.

खांबांवरचे लेख उंचावर आहेत, दुर्बीण न्या. मंदिरात गर्दी असते, मंगळवार-शुक्रवार आणि नवरात्र टाळा.

वाचन तपासायचं कसं

स्वतः उतरवून झाल्यावरच छापील वाचन उघडा. सातवाहन आणि क्षत्रपांच्या लेखांसाठी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागरीत पाठ आणि मराठीत अर्थ दिले आहेत, तालुक्याच्या चांगल्या वाचनालयात मिळतात. कान्हेरीचे लेख शोभना गोखले यांनी अभ्यासले. तुमची चौकटींची वही आणि त्यांचा पाठ शेजारी ठेवा आणि जिथे फरक पडला तिथे लाल पेनने गोल करा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात लाल गोल बहुतेक एकाराचे होते. डावीकडे बघायचंच राहून जायचं.

आकडे मागाहून शिका. एक, दोन, तीन या आडव्या रेघा आहेत, पण पुढे दहा, वीस, शंभर यांना वेगवेगळी चिन्हं आहेत, शून्य नाही, जागेप्रमाणे बदलणारी किंमत नाही. नाणेघाटात ते पुष्कळ दिसतात. नाणेघाटला जाल तेव्हा मात्र मागच्या भिंतीवर वरच्या बाजूची नावं आधी बघा. खाली राजा-राण्यांचे पुतळे होते, आता पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वर नावं शिल्लक आहेत. "राया सिमुक सातवाहनो सिरिमातो." एवढं तुम्हाला तोवर विजेरीशिवाय वाचता येईल.

या वर्षी आमच्या वर्गाची सहल नाशिकला नेण्याची परवानगी मी मागितली आहे. पांडवलेण्यांतल्या १९ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा कण्हाच्या काळचा लेख आहे, त्यात लेणं करवणारा श्रमणांचा महामात्र, म्हणजे भिक्खूंची व्यवस्था बघणारा अधिकारी, नासिकचा असल्याचं लिहिलंय. पोरांना मी तो लेख सांगणार नाही. फक्त ना, सि आणि क ही तीन अक्षरं आधी पाटीवर गिरवून घेणार आहे, आणि तिथे गेल्यावर शोधायला सांगणार आहे. ती मुलगी आता सातवीत गेली आहे. तिलाही बरोबर यायचं आहे म्हणे.